भूकमुक्त वस्ती कशी उभारावी: महिलांच्या निर्णयाधिकारापासून सुरू होणारा कामाचा क्रम

२०२४ मध्ये जगातील सुमारे ६७ कोटी माणसांना, म्हणजे साधारण बारा जणांमागे एकाला, पुरेसे अन्न मिळत नव्हते, असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अंदाज आहे. याच जगात सर्वांची पोटे भरतील इतके अन्न पिकते. पिकलेले अन्न आणि माणसाचे ताट यांच्यामध्ये मालकी, मजुरी, बाजारभाव आणि घरातील अधिकार अशा अनेक गोष्टी उभ्या असतात. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून असे मांडले की, अन्नाचा एकूण साठा त्या प्रमाणात घटलेला नसतानाही लाखो माणसे मेली, कारण ते अन्न विकत घेण्याची किंवा मिळवण्याची त्यांची ऐपतच संपली होती. वस्तीच्या आणि घराच्या पातळीवरही हेच लहान प्रमाणात घडत असते.

घरातील स्त्रीच्या स्थितीचा या प्रश्नाशी किती जवळचा संबंध आहे, हे आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेच्या २००० सालच्या एका अभ्यासात स्पष्ट दिसते. १९७० ते १९९५ या काळात ६३ विकसनशील देशांत कमी वजनाच्या बालकांचे जे प्रमाण घटले, त्यातील सुमारे ४३ टक्के वाटा स्त्रीशिक्षणातील वाढीचा आणि सुमारे २६ टक्के वाटा अन्नाच्या वाढलेल्या उपलब्धतेचा होता, असा अंदाज त्यात मांडलेला आहे.

पुढे दिलेला क्रम वस्तीत काम करणारे कार्यकर्ते, महिला गट आणि लहान संस्था यांच्यासाठी आहे. आधी माहिती, मग एकत्र बसणे, मग वेळ, मग पैसा आणि त्यानंतर पीक व ताट, असा हा क्रम आहे आणि तो मोडू नये असे माझे मत आहे. पुष्कळ कार्यक्रम बियाण्याच्या पाकिटापासून किंवा कर्जवाटपापासून सुरू होतात, बाईच्या आधीच भरलेल्या दिवसावर आणखी एक काम चढवतात आणि निधी संपला की थांबतात.

पहिली पायरी: भूक कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या घरी असते ते पाहा

भूक वर्षभर सारखी नसते. ती ठरावीक महिन्यांत येते, ठरावीक घरांत आधी येते आणि त्या घरांतही ठरावीक माणसांच्या वाट्याला जास्त येते. म्हणून छापील प्रश्नावली हाती घेण्याआधी जमिनीवर बारा रकाने आखावेत, जमलेल्या बायकांच्या हातात मूठभर खडे द्यावेत आणि घरात धान्य कोणत्या महिन्यात किती असते ते खड्यांनी मांडायला सांगावे. त्याखाली मजुरीची ओळ, तिच्याखाली उधारीची, मग आजारपणाची, मग पाणी भरण्यासाठी जाणाऱ्या वेळेची. खडे कुठे ठेवायचे यावर वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत, कारण खरी माहिती त्या वादातूनच बाहेर पडते. ओळी एकाखाली एक आल्या की बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसते: कणगी रिकामी, शेतातील काम सर्वांत जड, मुलांचे आजार सर्वांत जास्त आणि बाजारभाव सर्वांत चढे, हे सगळे एकाच दोन-तीन महिन्यांत कोंबलेले असते. यापुढची सारी कामे या महिन्यांकडे डोळा ठेवून आखायची असतात.

यानंतर घरोघरी जावे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने अन्न-असुरक्षितता मोजण्यासाठी आठ साधे प्रश्न ठरवलेले आहेत. पैशाअभावी किंवा इतर साधनांअभावी अन्न पुरणार नाही अशी काळजी वाटली का, सकस अन्न खाता आले नाही असे झाले का, मोजक्याच प्रकारांवर भागवावे लागले का, एखादे जेवण टाळावे लागले का, हवे त्यापेक्षा कमी खाल्ले का, घरातील अन्न संपले का, भूक असूनही खाल्ले नाही असे झाले का आणि पूर्ण दिवस उपाशी काढावा लागला का, असे ते प्रश्न आहेत. काळजीपासून सुरू होऊन दिवसभराच्या उपवासापर्यंत त्यांची तीव्रता साधारणपणे वाढत जाते, त्यामुळे एखादे घर कुठवर घसरले आहे ते समजते. हे प्रश्न घरातील स्त्रीला, एकटीला आणि सावकाश विचारावेत. चार माणसांसमोर विचारले तर उत्तर अब्रूचे येते, पोटाचे येत नाही.

सर्वांत गरीब घरे कोणती, हे बाहेरून आलेल्या माणसाने ठरवू नये. वस्तीतील वेगवेगळ्या गटांना प्रत्येक घराच्या नावाची चिठ्ठी देऊन त्यांची प्रतवारी करायला सांगावी आणि दोन-तीन गटांच्या याद्या ताडून पाहाव्यात. ज्या घरांबद्दल गटांचे एकमत होत नाही तिथे स्वतः जावे. एकट्या बाईचे घर, अपंग माणसाचे घर आणि दुसऱ्याच्या जागेत कसेबसे राहणारे कुटुंब बहुतेक याद्यांतून सुटते, म्हणून यादी पूर्ण झाल्यावर “यात कोण राहिले?” हा प्रश्न मुद्दाम विचारावा.

दुसरी पायरी: निर्णय कोण घेते ते शोधा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते कामाचे यश-अपयश इथेच ठरते. याचे बोलके उदाहरण बांगलादेशात आहे. १९९५ मध्ये तिथे सुरू झालेला एकात्मिक पोषण कार्यक्रम तमिळनाडूतील १९८० पासूनच्या यशस्वी प्रकल्पाच्या धर्तीवर आखलेला होता, त्यात मातांना पोषणाचे धडे दिले जात होते आणि मातांचे ज्ञानही वाढले. तरी मुलांच्या वाढीवर अपेक्षेइतका परिणाम दिसला नाही. पुढे झालेल्या विश्लेषणात याचे एक मोठे कारण असे मांडले गेले की, तिथल्या अनेक घरांत बाजार पुरुष करतात आणि एकत्र कुटुंबात कोणाला काय वाढायचे हे सासू ठरवते. ज्या स्त्रीला सगळे शिकवले तिच्या हातात ना पिशवी होती ना पळी.

म्हणून दहा-बारा निर्णयांची यादी करावी: काय शिजवायचे, काय विकत आणायचे, पीक किती विकायचे आणि किती ठेवायचे, कोंबडी किंवा शेळी कधी विकायची, कर्ज कोणाकडून काढायचे, आजारी मुलाला दवाखान्यात कधी न्यायचे, स्वतःच्या मजुरीचे पैसे कोणाकडे द्यायचे, मुलीची शाळा चालू ठेवायची की नाही. प्रत्येक निर्णयासमोर तीनपैकी एक खूण करायची: ती एकटी ठरवते, विचारून ठरवते किंवा तिला विचारलेही जात नाही. ही यादी सुना, सासवा आणि पुरुष यांच्याकडून वेगवेगळी भरून घ्यावी. तीन याद्यांत जिथे तफावत दिसते, तिथूनच पुढच्या चर्चेचे विषय निघतात. यादी जपून ठेवावी, कारण दोन वर्षांनी तीच पुन्हा भरायची आहे.

तिसरी पायरी: बायकांनी एकत्र बसण्याची जागा आणि वेळ

सर्वांच्या सभेला बायकांना बोलावले म्हणजे त्यांचा सहभाग झाला, असे होत नाही. त्या मागे बसतात, बोलत नाहीत आणि इतिवृत्तात मात्र त्यांची संख्या लिहिली जाते. आधी त्यांची वेगळी बैठक सुरू करावी, आणि तिची वेळ व जागा त्यांनीच ठरवावी, मग ती कार्यकर्त्याच्या दृष्टीने कितीही गैरसोयीची असली तरी. गट पंधरा ते पंचवीस जणींचा असावा. त्याहून मोठ्या गटात दोघी-चौघीच बोलतात आणि फार लहान गटात बचतीची रक्कम जमत नाही.

सर्वांत गरीब बाईला बैठकीला येणे सर्वांत महाग पडते, कारण तिचा अर्धा दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरी जाते. तेव्हा बैठक एका तासात संपली पाहिजे, आणि उशीर झाला तरी संपवायची वेळ बदलू नये. पदे फिरती ठेवावीत. लिहिता-वाचता येणारी एकच बाई कायमची सचिव झाली की वर्षभरात गट तिचा होऊन बसतो. तिची नियत चांगली असली तरी हे होते.

पुरुषांना अंधारात ठेवू नये. बायकांच्या हाती पैसा किंवा अधिकार येऊ लागल्यावर काही घरांत संशय, अडवणूक आणि प्रसंगी मारहाणही वाढते, हे अनेक देशांतील कामात दिसलेले आहे. सुरुवातीलाच पुरुषांच्या वेगळ्या बैठका घ्याव्यात, गटाचे नियम आणि हिशेब त्यांना उघडपणे सांगावेत आणि घरातील ज्येष्ठांना, विशेषतः सासवांना, प्रत्यक्ष काम द्यावे. हिंसेची तक्रार आली तर ती गटात चघळू नये. जवळची मदत केंद्रे, दवाखाना, कायदेशीर साहाय्य आणि सुरक्षित निवारा यांची माहिती दोन विश्वासू सदस्यांकडे आधीपासून तयार असावी आणि पुढे काय करायचे हे त्या बाईच्या इच्छेनेच ठरावे.

चौथी पायरी: दिवसातील तास मोकळे करा

एका मोठ्या कागदावर दोन वर्तुळे काढून चोवीस तासांचे भाग पाडावेत. एक वर्तुळ बाईच्या दिवसाचे, दुसरे पुरुषाच्या. पहाटेपासून झोपेपर्यंत कोणत्या तासाला काय काम असते ते त्यात भरत जावे. दोन कामे एकाच वेळी होत असतील, म्हणजे चुलीपाशी बसून मूल सांभाळणे चालू असेल, तर दोन्ही लिहावीत. हा कागद भिंतीवर लागला की पुरुषांच्या बैठकीत सहसा आधी हशा पिकतो आणि मग शांतता पसरते. त्या शांततेचा उपयोग करून घ्यावा आणि एकच प्रश्न विचारावा: यातील कोणते काम कमी करता येईल, आणि कोणते दुसऱ्या कोणाला करता येईल?

पाणी, सरपण, दळण-कांडण आणि लहान मुलांचा सांभाळ ही चार कामे सर्वांत जास्त तास खातात. त्यामुळे घराजवळ आलेला नळ, नीट चालणारी चूल, सामाईक गिरणी किंवा मळणीयंत्र आणि हंगामात चालणारे पाळणाघर यांचा भूक कमी होण्याशी थेट संबंध आहे, जरी अन्नाच्या कोणत्याही योजनेत त्यांची नावे सापडत नसली तरी. यांपैकी पाळणाघर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. कामाच्या ऐन हंगामात आई शेतावर असताना तान्ह्याचे दूध चुकते आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाला पाच वर्षांची बहीण सांभाळते. त्या वयातल्या मुलाचे पोट लहान असते, त्याला दिवसातून चार-पाचदा थोडे थोडे भरवावे लागते आणि ते काम पाच वर्षांच्या मुलीकडून होण्यासारखे नसते. एक सावलीची जागा, दोन प्रशिक्षित बायका, स्वच्छ पाणी आणि एक शिजवलेले जेवण एवढ्यावर पाळणाघर सुरू करता येते. सांभाळणाऱ्या बायकांना मोबदला मात्र ठरवून द्यावा. बायकांचे श्रम फुकट धरायचे आणि त्याला लोकसहभाग म्हणायचे, ही सवय फार जुनी आहे.

पुढचा कोणताही उपक्रम घेताना तो आठवड्याला किती तास मागणार आणि ते तास कोणत्या कामातून सुटणार, हे इतिवृत्तात लिहिल्याशिवाय ठराव मंजूर करू नये.

पाचवी पायरी: बचत, पेटी आणि तीन किल्ल्या

बाहेरून भांडवल आणण्याआधी गटाने स्वतःची बचत सुरू करावी. आफ्रिकेतील नायजर देशात १९९१ मध्ये केअर या संस्थेने सुरू केलेली बचत गटांची पद्धत पुढे अनेक देशांत पसरली. बँक दूर असलेल्या आणि अक्षरओळख नसलेल्या बायकांना ती चालवता येते, हे तिचे बळ आहे. गटाची एक लोखंडी पेटी असते आणि तिला तीन कुलपे असतात. पेटी एकीच्या घरी राहते आणि तीन किल्ल्या इतर तिघींकडे. त्यामुळे पेटी फक्त सभेत आणि सर्वांसमोरच उघडते. प्रत्येक सभासद दर सभेला ठरावीक रकमेचे एक ते पाच हिस्से घेऊ शकते आणि तिच्या पुस्तकात हिश्शामागे एक शिक्का उमटतो. सभा संपताना पेटीतील शिल्लक मोठ्याने सांगितली जाते आणि प्रत्येकीने तो आकडा लक्षात ठेवायचा असतो. पुढची सभा त्या आकड्याच्या उजळणीने सुरू होते, मग पेटी उघडून पैसे मोजले जातात. वीस जणींच्या डोक्यात असलेला आकडा खोडता येत नाही, आणि लेखापरीक्षणाचा याहून स्वस्त प्रकार माझ्या माहितीत नाही. वर्षाअखेरीस बचत आणि व्याज हिश्शांप्रमाणे वाटून पुन्हा नव्याने सुरुवात केली जाते. वाटपाची तारीख टंचाईचे महिने लागण्याच्या तोंडाशी ठेवावी, म्हणजे पैसा नेमका गरजेच्या वेळी हाती येतो.

कर्जाबद्दल मात्र भाबडे राहू नये. बांगलादेशातील ग्रामीण बँकेने, आणि ती उभारणाऱ्या मुहम्मद युनूस यांनी, तारणाशिवाय दिलेले कर्ज गरीब बायका फेडतात हे जगाला दाखवले आणि २००६ मध्ये दोघांना मिळून शांततेचे नोबेल मिळाले. परंतु सहा देशांतील सूक्ष्मकर्जाच्या नियंत्रित प्रयोगांचे जे निष्कर्ष २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले, त्यांत कर्जामुळे व्यवसायाला थोडा हातभार लागतो, पण कुटुंबाच्या उत्पन्नात मोठा पालट सहसा होत नाही, असे आढळले. ज्या घरात उद्याच्या जेवणाची खात्री नाही, तिथे कर्जाचा हप्ता हे आणखी एक संकट ठरते.

अशा अतिगरीब घरांसाठी वेगळी वाट लागते. बांगलादेशातील ब्रॅक संस्थेने २००२ पासून राबवलेल्या पद्धतीत कुटुंबाला उत्पन्न देणारे साधन, उदाहरणार्थ जनावरे, अनुदान म्हणून दिले जाते. त्यासोबत काही महिने खाण्यापुरती मदत, बचतीची सवय, आरोग्याची सोय आणि दर आठवड्याला घरी येऊन मार्गदर्शन अशी जोड असते, आणि हे सुमारे दोन वर्षे चालते. सहा देशांत झालेल्या पडताळणीत ही मदत संपून वर्ष लोटल्यावरही अन्नसुरक्षा, मिळकत आणि मालमत्ता यांतील सुधारणा एकंदरीत टिकून असल्याचे दिसले. लहान संस्थेला एवढा खर्च सर्वांसाठी झेपणार नाही. मग यादीतील सर्वांत खालच्या दहा घरांपुरताच करावा, पण पूर्ण करावा. अर्धी मदत पन्नास घरांना वाटण्याचा मोह आवरावा. खाण्यापुरती मदत न देता नुसती शेळी दिली तर ती टंचाईच्या पहिल्याच महिन्यात विकली जाते, आणि त्यात त्या बाईचे काहीच चुकलेले नसते.

सहावी पायरी: पीक, जमीन आणि साठवण

अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्ये असा अंदाज मांडला की, शेती करणाऱ्या स्त्रियांना पुरुषांइतकीच साधने मिळाली तर त्यांच्या शेतातील उत्पन्न २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकते आणि जगातील भुकेल्यांची संख्या १० ते १५ कोटींनी कमी होऊ शकते. साधने म्हणजे जमीन, बियाणे, अवजारे, कर्ज आणि सल्ला. यांपैकी जमीन सर्वांत कठीण, पण सोडून देण्यासारखी नाही. जमिनीच्या कागदावर पतीबरोबर पत्नीचे नाव लावणे, वारसाहक्काची नोंद वेळेवर करणे आणि गटाने घेतलेल्या खंडाच्या जमिनीचा करार किमान तीन वर्षांचा व लेखी असणे, या तीन गोष्टी पहिल्या वर्षीच हाती घ्याव्यात. तोंडी मिळालेली पडीक जमीन बायकांनी कसून चांगली केली की मालक ती परत मागतो, हे अनुभवी कार्यकर्त्यांना सांगायला नको.

पीक यशस्वी होऊ लागले की धोका संपत नाही. उलट तिथेच नवा धोका सुरू होतो. पश्चिम आफ्रिकेतील गांबियात पाणथळ जमिनीवरील भातशेती परंपरेने बायकांची होती. १९८० च्या दशकात तिथे सिंचनाचा मोठा प्रकल्प आला, त्यात बायकांच्या नावे जमीन देण्याचा हेतूही नमूद होता, पण उत्पन्न वाढताच ती शेती कुटुंबाची सामाईक मानली गेली आणि पिकावरचा ताबा पुरुषांकडे गेला, तर श्रम बायकांचेच राहिले. म्हणून नफा दिसण्याच्या आधीच, सगळे जण उदार मनाचे असताना, विक्री कोण करणार, पैसे कोणाच्या खात्यात जाणार आणि किती धान्य घरात ठेवणार, हे लेखी ठरवून घ्यावे.

परसबाग लहान असली तरी तिचा फायदा लवकर दिसतो. तिथे पिकलेले सहसा घरात खाल्ले जाते आणि त्यावर बाईचा ताबा टिकण्याची शक्यता जास्त असते. एकाच भाजीचे चार वाफे लावण्याऐवजी हिरव्या पालेभाज्या, पिवळ्या-केशरी भाज्या व फळे आणि शेंगा, अशी लागवड वर्षभर काही ना काही निघेल या बेताने करावी आणि टंचाईच्या महिन्यांत येणाऱ्या भाज्यांना पहिली जागा द्यावी.

साठवणुकीकडे तर उत्पादनापेक्षाही आधी पाहावे असे मी म्हणेन, कारण पिकलेले वाचवायला नवे शेत लागत नाही. धान्य पुरेसे वाळले आहे का, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे: कोरड्या पारदर्शक बाटलीत चमचाभर अगदी सुके मीठ घालावे, त्यावर बाटलीचा तिसरा भाग भरेल इतके धान्य घालून झाकण लावावे आणि नीट हलवून पंधरा मिनिटे ठेवावे. मिठाचे कण बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटले तर धान्यात ओल आहे आणि ते पुन्हा उन्हात घालावे लागेल. मीठ सुटे राहून तळाशी पडले तर साठवायला हरकत नाही. मग कीडनाशक न घालताही धान्य टिकवता येते. त्यासाठी दोन जाड प्लास्टिक पिशव्या एकात एक घालून बाहेरून विणलेले पोते, अशी हवाबंद तिहेरी रचना वापरतात. आत राहिलेले किडे प्राणवायू संपवतात आणि पुढे वाढू शकत नाहीत. प्रत्येक पिशवीचे तोंड वेगळे पिळून बांधायचे असते. एकाच गाठीत तिन्ही बांधल्या तर हवा शिरते आणि सारी मेहनत वाया जाते.

साठवणुकीची सोय झाली की गटाची धान्यपेढी सुरू करता येते. सुगीच्या वेळी प्रत्येकीने ठरलेले धान्य जमा करायचे, टंचाईत उसने न्यायचे आणि पुढच्या सुगीला थोडी भर घालून परत करायचे. वाढीचे प्रमाण गटाने ठरवावे, पण ते सावकाराच्या प्रमाणाच्या जवळपासही जाता कामा नये. पीक बुडालेल्या वर्षी काय करायचे याचा नियम पीक चांगले आलेल्या वर्षी करून ठेवावा.

सातवी पायरी: ताटात काय पडते

पोट भरणे आणि पोषण होणे यांत अंतर आहे. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांच्या आहाराची पाहणी करण्यासाठी दहा अन्नगट धरले जातात: तृणधान्ये व कंदमुळे, डाळी व शेंगा, कवचफळे व तेलबिया, दूध व दुधाचे पदार्थ, मांस व मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, अ जीवनसत्त्वाने समृद्ध पिवळी-केशरी फळे व भाज्या, इतर भाज्या आणि इतर फळे. काल दिवसभरात यांपैकी किमान पाच गटांतले काही खाल्ले का, एवढेच विचारायचे. बैठकीत दहा चित्रे मांडून प्रत्येकीने आपल्या खाण्याच्या चित्रावर खडा ठेवला की कोणता गट सर्वांच्याच ताटातून गायब आहे ते तत्काळ दिसते, आणि परसबागेत काय लावायचे हेही त्यातूनच ठरते.

गर्भधारणेपासून मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे हजार दिवस सर्वांत मोलाचे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, त्यानंतर दुधाच्या जोडीला घट्टसर पूरक आहार आणि दोन वर्षे किंवा त्यापुढेही स्तनपान, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या दंडाचा घेर दर महिन्याला मोजावा: डावा हात, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, पट्टी घट्ट न ओढता. घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण असते आणि मुलाला लगेच आरोग्य केंद्रात न्यावे लागते. ११.५ ते १२.५ च्या मधल्या मुलाला विशेष आहार आणि सतत लक्ष हवे. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून खळगा राहिला तर दंडाचा घेर कितीही असो, दवाखाना गाठावा. हे मोजमाप आयांनाच शिकवावे, कारण रोज मुलाला हातात घेणाऱ्या बाईच्या लक्षात बदल आधी येतो.

काय भरवायचे याचे उत्तर बहुधा वस्तीतच असते. १९९० च्या सुमारास व्हिएतनामच्या थान्ह होआ प्रांतात ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेचे काम करणाऱ्या जेरी आणि मोनिक स्टर्निन या दांपत्याने गावकऱ्यांनाच तितकीच गरीब असूनही मुले सुदृढ असलेली घरे शोधायला लावले. त्या घरांतील आया भातशेतातून मिळणारी लहान कोळंबी, खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालत होत्या, दिवसातून जास्त वेळा भरवत होत्या आणि भरवण्याआधी हात धूत होत्या. इतरांना हे पदार्थ मिळत नव्हते असे नाही, ते लहान मुलांना चालत नाहीत असा समज होता. मग त्या आयांनीच शेजारणींना, एकत्र बसून रांधून आणि भरवून, ते दाखवले. तुमच्या वस्तीतही आधी अशी घरे शोधावीत. व्याख्यान त्यानंतर, आणि गरज पडलीच तर.

आठवी पायरी: शासनाकडून आपले ते मागा

स्वस्त धान्य, शाळेतील जेवण, रोजगाराची हमी, गरोदरपणातील साहाय्य, आरोग्यसेवा: ज्या देशात जे कायद्याने मिळते ते गटाच्या बचतीतून करत बसू नये. प्रत्येक सभेत एका योजनेचे नियम वाचावेत, कोणाला मिळत नाही त्याची यादी करावी, अर्ज एकत्र द्यावेत आणि पोच घ्यावी. एकटीचा अर्ज टेबलावर पडून राहतो, वीस जणींचा सहसा राहत नाही. त्यापुढे जाऊन गटातील बायकांनी स्थानिक संस्थांच्या निवडणुकीला उभे राहावे. भारतात १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखल्या. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी २००४ मध्ये पश्चिम बंगाल व राजस्थानातील पंचायतींच्या अभ्यासातून दाखवले की, जिथे स्त्री सरपंचपदी होती तिथे पिण्याच्या पाण्यासारख्या, बायकांनी मागितलेल्या कामांवर जास्त खर्च झाला.

नववी पायरी: मोजणी आणि बाहेर पडणे

तेच आठ प्रश्न, तीच निर्णयांची यादी, तेच दहा अन्नगट आणि तोच दंडघेर, दरवर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजावेत. पहिली पाहणी टंचाईत आणि दुसरी सुगीनंतर केली तर कोणताही कार्यक्रम यशस्वी दिसतो. निकाल आधी वस्तीत वाचून दाखवावेत, मग निधी देणाऱ्याला पाठवावेत. सरासरीवर समाधान मानू नये. यादीतील सर्वांत खालच्या दहा घरांचे आकडे वेगळे काढावेत. वस्तीची सरासरी सुधारते आणि ती दहा घरे जागच्या जागी राहतात, असे सर्रास घडते.

बाहेरच्या संस्थेने निघण्याची तारीख पहिल्या वर्षीच जाहीर करावी आणि निघण्याआधीचा शेवटचा टंचाईचा हंगाम हात मागे घेऊन पाहावा. कार्यकर्ते सभेला हजर राहतील, पण पेटी, धान्यपेढी, पाळणाघर आणि दंडघेराची नोंद यांपैकी कशालाही हात लावणार नाहीत. त्या तीन महिन्यांत जे बंद पडेल त्याची नोंद करून पुढचे वर्ष फक्त तेवढ्याच कामाला द्यावे. बहुतेक ठिकाणी पाळणाघर आधी अडखळते, कारण सांभाळणाऱ्या बायकांचा मोबदला बाहेरून येत असतो. तो स्थानिक संस्थेच्या अंदाजपत्रकात लागेपर्यंत संस्थेने वस्ती सोडू नये.